शंभरापैकी चौदा

३ तारीख, सोमवार

सरांनी सांगितलंय, रोजच्या कामाची नोंद ठेव. ती मी ऑफिसच्या वहीत ठेवते. ही वही वेगळी. ऑफिसच्या वहीत 'भीती वाटते' असा रकाना नाही.

मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम गेल्या महिन्याच्या अखेरीस एका कारखान्यात बसवला. कपडे धुण्याची पावडर पाव-पाव किलोच्या पाकिटांत भरणारं यंत्र आहे. त्याचं डोकं म्हणजे एक करडा डबा, कंट्रोलर. हा डबा दिवसभर एकच काम करतो: प्रोग्रॅम वरून खालपर्यंत वाचतो, त्यात सांगितलंय ते करतो आणि पुन्हा वरून सुरुवात करतो. अशा एका खेपेला फेरी म्हणतात. फेरी शंभर मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात संपली नाही, तर प्रोग्रॅम कुठेतरी अडकला असं समजून कंट्रोलर सगळं यंत्र बंद करतो. म्हणून प्रोग्रॅम देण्याआधी वेळेचा तक्ता द्यावा लागतो. वजन वाचणं, झडप उघडणं-मिटणं, पट्टा, पाकीट चिकटवणं, पाळी संपताना अहवाल काढणं: प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते त्यात असतं. माझ्या तक्त्यात सगळं मिळून चौदा आलं. शंभरापैकी चौदा. खाली माझी सही आहे.

तेव्हा सर म्हणाले होते, "चौदा? अगं, मग उरलेल्या वेळात कंट्रोलर झोप काढेल की!"

मी म्हटलं, कंट्रोलर झोपत नाही. ती शाबासकी होती हे मला बसमध्ये कळलं.

आज कारखान्यातून फोन आला. गेल्या आठवड्यात यंत्र तीन वेळा आपोआप बंद पडलं. लाल दिवा, आणि स्क्रीनवर: फेरीची वेळ ओलांडली.

माझे सहा महिने या महिनाअखेर संपतात. मग सर कायम करतात किंवा करत नाहीत.

४ तारीख, मंगळवार

कारखान्यात गेले. खिडक्यांच्या काचा पावडरीने पांढऱ्या झाल्या आहेत. सुगंध इतका की जेवणाचा डबा उघडला तर पोळीलाही साबणाचा वास.

तिन्ही वेळा यंत्र सकाळच्या पाळीत, दोनच्या सुमारास बंद पडलं. सकाळच्या पाळीला, सहा ते दोन, एकच ऑपरेटर असते. तिला सगळे मावशी म्हणतात. मॅनेजरही म्हणतात, आणि ते तिच्याहून मोठे दिसतात. मी सकाळभर तिला काहीच न म्हणता 'ऐका ना' म्हणत राहिले.

कामाला लागण्याआधी नेहमीप्रमाणे आकडा शून्यावर आणला. आतापर्यंतची सगळ्यात लांब फेरी कंट्रोलर लक्षात ठेवतो. मी रोज सकाळी तो आकडा न बघता पुसते. बघितला तर डोक्यात बसतो, आणि मग नवं मोजमाप त्याच्याकडे झुकतं. हे बाबांचं शिक्षण. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर गावोगाव फिरत होतो, त्यामुळे माझी शाळा म्हणजे बाबा आणि दप्तर म्हणजे वजनांची पेटी. या शाळेचे नियम दोन. काटा आधी शून्यावर आणायचा. वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची. पुढे खऱ्या शाळेत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मी सगळा वर्ग उंचीप्रमाणे उभा केला. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.

नऊपासून एक एकोणसाठपर्यंत सगळ्यात लांब फेरी: बारा. दोन वाजता यंत्र बंद. पुन्हा चालू केल्यावर कंट्रोलर स्वतःच तो आकडा पुसतो, त्यामुळे शेवटची फेरी किती लांबली ते कळायला मार्ग नाही.

यंत्र असं मध्येच थांबलं की नळ्यांमध्ये पावडर अडकते. ती कोरड्या ब्रशने काढावी लागते. मावशी ते करत बसली. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, लवकर सुटायला मिळावं म्हणून करते ती. बरोब्बर दोनला, बघा ना."

तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि मावशी नळीत कोपरापर्यंत होती. मी हे त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हं."

५ तारीख, बुधवार

दोन वाजता काय होतं? पाळीचा अहवाल निघतो. म्हणून आज अहवालावर संशय धरला. संशय सगळ्यांवर सारखा हवा, स्वतः लिहिलेल्या भागावरही.

अहवालाचं काम असं. दर दहा पाकिटांतलं एक तपासणीच्या काट्यावर जातं. पाळीत अशी चारशे वजनं जमतात. पाळी संपताना ती हलक्यापासून जडापर्यंत लावायची, आणि मधलं कोणतं, सगळ्यात हलकी दहा कोणती, जड दहा कोणती ते कागदावर छापायचं. लावण्याची रीत माझी आहे: एकेक वजन उचलायचं, आधी लावलेल्यांत त्याची जागा शोधायची, त्याच्याहून मोठी असतील ती एकेक घर पुढे सरकवायची आणि हे मध्ये बसवायचं. पेटीत वजन ठेवतात तसंच.

तक्ता करताना सर म्हणाले होते, चाचणीला दहा आकडे पुरेत. मी चारशे टाकले. हाताने. २४५.० पासून सुरुवात करून व्यवस्थित चढत्या क्रमाने, एकही न गाळता. आज तेच चारशे आकडे देऊन ऑफिसच्या टेबलावरच्या कंट्रोलरवर अहवाल शंभर वेळा काढला. शंभरही वेळा चौदा. एकदाही साडेचौदा नाही.

अहवाल निर्दोष आहे.

६ तारीख, गुरुवार

कारखाना. आकडा शून्यावर आणला. आज यंत्र थांबलं नाही. दोनला अहवाल निघाला, कागद आला, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मॅनेजर म्हणाले, "पाहिलंत? तुम्ही पाठीशी उभ्या होतात ना, म्हणून."

मी मंगळवारीही पाठीशीच उभी होते. हे मला संध्याकाळी घरी आल्यावर सुचलं.

मावशी मात्र दिवसभर वैतागलेली. पावडरची गाडी उशिरा आली. एरवी ती पाळीच्या सुरुवातीला वरची टाकी काठोकाठ भरून घेते आणि दोनपर्यंत तिला हात लावत नाही. आज अर्धीच भरली आणि साडेदहाला पुन्हा भरावी लागली.

"बाकीचे काय करतात?" मी विचारलं.

"त्यांचं काय! आठवण आली की ओतायचं दोन गोणी. खालची पावडर महिना-महिना तशीच, वर नवी. मग गोळे झाले की म्हणायचं, मशीन खराब. मी तळ दिसल्याशिवाय नवी घालत नाही. वीस वर्षं झाली, एक गोळा दाखव माझ्या पाळीत."

मी म्हटलं, नाही दाखवता येणार. याचा फेरीच्या वेळेशी संबंध नाही, पण तिची शिस्त बघून बरं वाटलं म्हणून लिहून ठेवते.

७ तारीख, शुक्रवार

ताप. कारखान्यात आमचा वायरमन गेला. सकाळी त्याचा फोन.

"ताई, सगळ्यात लांब फेरी सत्तावन्न दाखवतोय."

"शून्यावर आणला होतास?"

"नाही. आल्या आल्या बघितला."

"म्हणजे तो कालचा आकडा. तुझा नाही."

"कालचा का असेना, सत्तावन्न तर आहे."

"आधी शून्यावर आण आणि मग मला सांग."

त्याने आणला. दीडपर्यंत बारा. दोनला यंत्र बंद पडलं.

सत्तावन्न कुठेही नोंदवला नाही. न पुसलेल्या काट्याचं वजन धरत नाहीत.

८ तारीख, शनिवार

सरांनी मॅनेजरना पत्र पाठवलं आणि मला वाचायला दिलं. "आमच्या अभियंत्यांनी शंभर वेळा चाचणी घेऊन फेरीची कमाल वेळ चौदा मिलिसेकंद असल्याचे सिद्ध केले आहे. तरी यंत्र थांबण्याचे कारण हाताळणीत शोधावे."

मी विचारलं, "हाताळणीत म्हणजे?"

"म्हणजे ती बाई स्क्रीनवर बोटं मारत असेल धडाधड. आपल्याला काय करायचंय? तुझा आकडा पक्का आहे ना?"

"शंभर वेळा मोजलाय."

"मग झालं तर. मोकळी हो."

मोकळं काही वाटत नाही. मावशी स्क्रीनला एका बोटाने, तेही हात पुसून हात लावते. पण आकडाही पक्का आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर तिसरी कोणतीतरी खोटी असायला हवी. ती सापडत नाही.

९ तारीख, रविवार

घरी फोन केला. आई म्हणाली, बाबा खाली गेलेत, पाच मिनिटांत येतील. सत्तेचाळीस मिनिटांनी आले. आईचा अंदाज लग्नापासून असाच आहे.

बाबांना यंत्राचं सांगितलं. ते म्हणाले, "काटा शून्यावर आणतेस ना?"

"रोज. न बघता."

ते काहीतरी म्हणणार होते, पण दारात दूधवाला आला.

१० तारीख, सोमवार

मावशीने मला जेवणघरात गाठलं आणि एक कागद पुढे केला.

"तुझं नाव आहे का यात?"

नाव नव्हतं. 'अभियंत्यांनी' असं होतं. येत्या सोमवारपासून, म्हणजे सतरा तारखेपासून, तिला यंत्रावरून काढून गोणी झटकायच्या शेडमध्ये पाठवत आहेत. कारण: यंत्र वारंवार बंद पाडणे. आधार: कमाल वेळ चौदा मिलिसेकंद असल्याची चाचणी.

"म्हणजे मीच," मी म्हटलं.

"बरं." तिने कागदाची घडी केली. "शेडमध्ये धूळ असते गं. मला दम्याचा त्रास आहे. ते मॅनेजरला माहीत आहे. मला एवढंच सांग, मी काय करते म्हणून ते बंद पडतं? मी बोलायची नाही कोणाला. फक्त कळू दे. वीस वर्षांत असं झालेलं नाही."

मी म्हटलं, बघते. मग पहिल्यांदाच 'मावशी' म्हटलं. ते चुकीच्या दिवशी म्हटलं असं वाटलं.

निघताना तिची वही पाहिली. तपासणीच्या काट्यावरचं प्रत्येक वजन ती हाताने लिहिते. प्रत्येक, म्हणजे पाळीला चारशे. जुन्या यंत्रावर लिहावं लागायचं. नवं आल्यावर बंद कर असं कोणी सांगितलं नाही, म्हणून तिने बंद केलं नाही. अक्षर एकसारखं. कुठे खाडाखोड नाही. मॅनेजरांच्या मते ती 'सारखं काहीतरी खरडत असते, लक्ष नसतं'.

मी शुक्रवारच्या पाळीच्या पानांचे फोटो काढले. त्या दिवशी यंत्र बंद पडलं होतं. माझ्या आकड्यांऐवजी खऱ्या आकड्यांवर अहवाल चालवून बघायचा. कुणावर आरोप असेल तर निदान तिचेच आकडे वापरावेत.

११ तारीख, मंगळवार

दिवसभर टंकलं. चारशे. तीनदा ताडून पाहिले. अहवाल चालवला: चौदा.

मी देवाचं फारसं करत नाही, पण चौदा येऊ नये म्हणून हात जोडले होते. आता तक्ता आणखी पक्का झाला. सर म्हणाले, हा कागदही मॅनेजरना पाठवू या.

मी म्हटलं, आधी मावशींना दाखवते. सरांनी का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आकडे त्यांचे आहेत, त्यांची परवानगी घेतली नव्हती. सर फोनवर बोलायला गेले.

१२ तारीख, बुधवार

हे सगळं जसंच्या तसं लिहिते.

मावशीने चष्मा लावला, माझा छापील कागद घेतला, पहिली ओळ वाचली आणि परत दिला.

"हे माझे आकडे नाहीत."

"तुमचेच आहेत, मावशी. तीनदा ताडून पाहिलेत."

"माझं पहिलं पाकीट दोनशे त्रेपन्न पूर्णांक आठचं होतं. तू इथे दोनशे सेहेचाळीस लिहिलंय. ते तर शेवटचं."

"हो, पण आकडे तेच आहेत. मी फक्त लावून घेतले. लहानापासून मोठ्यापर्यंत."

"कशाला?"

"म्हणजे... टंकायला बरं पडतं. एखादा राहिला तर कळतं."

"अगं, पण मी तसे भरलेच नाहीत ना! टाकी भरलेली असली की वरून दाब असतो, पाकीट जड भरतं. टाकी उतरत जाते तसं पाकीट हलकं होत जातं. रोजचंच आहे हे." तिने वहीचं पान माझ्यापुढे धरलं आणि बोट वरून खाली नेलं. "बघ. २५३.८, २५३.७, २५३.७... खाली खाली खाली. जिना उतरल्यासारखं. तू मला जिना चढायला लावलास."

मी पान पाहिलं. पान खरंच उतरत होतं.

मी कधी लावून घेतले ते मला आठवत नाही. ठरवून नाही केलं. हात धुतो तसं झालं.

बसमध्ये वहीच्या पाठीवर पाच आकड्यांनी करून पाहिलं. चढत्या क्रमाने आले तर कोणालाच सरकावं लागत नाही, प्रत्येक जण येतो आणि शेवटी बसतो. उतरत्या क्रमाने आले तर प्रत्येक नव्याला सगळ्यात पुढची जागा हवी असते आणि आधीच्या सगळ्यांना उठून एकेक घर सरकावं लागतं. पाच जणांत दहा वेळा. चारशे जणांत एकोणऐंशी हजार आठशे वेळा.

आज जेवले नाही. भूक नव्हती असं नाही.

१३ तारीख, गुरुवार

मावशीचे आकडे मावशीच्या क्रमाने टाकले.

टेबलावरचा कंट्रोलर बंद पडला. लाल दिवा.

मर्यादा शंभरावरून दोनशेवर नेऊन पुन्हा मोजलं: एकशे तीन. पुन्हा: एकशे तीन. पुन्हा: एकशे तीन.

मग तेच आकडे वेडेवाकडे मिसळून टाकले. बाकीचे ऑपरेटर आठवण येईल तशी टाकी भरतात, त्यांची वजनं अशीच वरखाली असणार. उत्तर आलं: सत्तावन्न.

सत्तावन्न. वायरमनने सांगितलेला. म्हणजे तो आकडा रोज सकाळी नऊ वाजता तिथे होता. आदल्या रात्रीच्या पाळ्यांनी तो ठेवलेला असायचा आणि मी आल्या आल्या, न बघता, पुसायचे. मी एकदा जरी बघितला असता तरी चौदा खोटं आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

यंत्र बेशिस्त माणसाच्या पाळीत नीट चालतं आणि शिस्तीच्या माणसाच्या पाळीत बंद पडतं. आणि ते तसं मीच लिहिलं आहे.

सरांना उद्या सांगते. आज ते लवकर गेले. खरं म्हणजे ते सहापर्यंत होते. मी त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेले.

१४ तारीख, शुक्रवार

सांगितलं. सर ऐकून घेत होते तेव्हा पेनाचं टोपण काढत-लावत होते. शेवटी म्हणाले, "सापडलं ना? छान. किती वेळ लागेल दुरुस्तीला?"

"एक दिवस. वजन आलं की तेव्हाच त्याच्या जागी बसवायचं. मग पाळी संपताना एकदम लावायला लागणार नाही."

"मग सोमवारी जाऊन कर. नवीन आवृत्ती म्हणून सांगायचं. अहवाल जास्त वेगवान केला."

"आणि मावशींचं पत्र?"

"ते त्यांचं अंतर्गत आहे."

"पण त्या पत्रात आपला आकडा आहे."

"तुझा," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "हे बघ, तू नवीन आहेस. चूक झाली, सापडली, दुरुस्त केली, इतकंच. आपणहून लिहून दिलंस की तक्ता चुकीचा होता, तर ते पुढचं काम आपल्याला देतील का? महिनाअखेर तुझ्या कागदावर मलाही सही करायची आहे. मी काही धमकी देत नाही."

सर तसे वाईट नाहीत. माझ्या तापात त्यांनी दोनदा फोन केला होता. म्हणूनच काय करावं ते कळत नाही. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

१५ तारीख, शनिवार

रजा टाकली. कारण लिहिलं: खाजगी. मग वाटलं हे खोटं आहे, म्हणून खोडून 'कारखान्यात जाऊन सांगणे' असं लिहिलं आणि अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला.

वेळेचा नवा तक्ता बरोबर नेला. कमाल वेळ: एकशे तीन. शेरा: आधीच्या चाचणीतले आकडे चाचणी घेणारीने चढत्या क्रमाने लावले होते, प्रत्यक्षात ते तसे येत नाहीत, ऑपरेटरची चूक नाही. खाली सही. या सहीला त्या बुधवारच्या शंभर चाचण्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

मॅनेजरांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे बाईंनी काही केलं नाही?"

"त्यांनी काम नीट केलं. म्हणूनच ते बंद पडत होतं."

"मॅडम, हे मी वर कसं सांगू?" त्यांनी खणातून एक छापील फॉर्म काढला. "यंत्र थांबण्याचं कारण. खूण करायची असते. वीज, कच्चा माल, ऑपरेटर. यात तुम्ही कुठे बसता?"

आम्ही दोघांनी फॉर्म नीट पाहिला. मी कुठेच बसत नव्हते. शेवटी मी पट्टीने खाली एक चौथा चौकोन काढला आणि त्यापुढे 'प्रोग्रॅम लिहिणारी' असं लिहिलं. त्यांनी त्यात खूण केली. चौकोन बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा झाला.

पत्र मागे घेतो म्हणाले. पण तोंडी नको, लेखी द्या, असं मी म्हटलं. हे मीच म्हटलं यावर अजून विश्वास बसत नाही. त्यांनी लिहून दिलं.

मावशी यंत्रावर होती. तिला कागद दिला आणि काय झालं ते सांगितलं. ती भरलेल्या पाकिटांवरची नजर न काढता ऐकत होती.

"कधी कळलं तुला?"

"गुरुवारी."

"आज शनिवार."

"हो."

"दोन रात्री मी लेकीच्या घरी जाऊन रडले."

काट्यावर पाकीट आलं, तिने वजन वहीत लिहिलं आणि मग म्हणाली, "बाजूला हो जरा, पट्ट्यावर सावली पडतेय तुझी."

मी बाजूला झाले. दोनपर्यंत तिथेच थांबले. यंत्र बंद पडलं. ब्रश दोन होते. एक मी घेतला.

१७ तारीख, सोमवार

दुरुस्ती केली. सकाळच्या पाळीत मावशी, टाकी काठोकाठ. दोन वाजता मी आणि वायरमन श्वास धरून उभे. अहवाल निघाला. सगळ्यात लांब फेरी: तेरा.

वायरमन म्हणाला, "ताई, चौदापेक्षाही कमी!" आणि टाळी द्यायला हात पुढे केला. मी त्याला म्हटलं, तुझा सत्तावन्न मी मोजला नाही, चुकले. तो म्हणाला, "अहो ताई, मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. चार दिवस झोप नाही."

म्हणजे तोही. माझ्या एका आकड्याने किती जणांची झोप गेली याचा तक्ता कोणी मागितला नाही, हे बरं.

मावशीने विचारलं, "आता वही लिहू की बंद करू?"

"लिहा, मावशी. आणि पाळी संपताना त्यात हा आकडाही लिहाल का? मी पुसायच्या आधी?"

"तू पुसतेस तरी कशाला?" ती म्हणाली.

२१ तारीख, शुक्रवार

सरांनी बोलावलं. कायम केलेलं नाही. काढलेलंही नाही. तीन महिने वाढवले. कारण: 'कामातील अतिदक्षता.' त्यांच्याही फॉर्मवर बहुधा योग्य चौकोन नव्हता.

बाहेर पडताना म्हणाले, "ते मॅनेजर पुढचं यंत्र आपल्याकडूनच घेणार म्हणतात. तक्ता मात्र तूच कर, असं सांगितलंय त्यांनी." ते खूश होते की नव्हते ते कळलं नाही.

२३ तारीख, रविवार

घरी आले आहे. बाबांना सगळं सांगितलं: चढते आकडे, जिना, सत्तावन्न. पेटी त्यांच्या पलंगाखाली अजून आहे. ती ते तेलाच्या फडक्याने पुसत होते.

लहान ते मोठं या भागाला ते हसले. मग मी म्हटलं, "आणि काटा न बघता शून्यावर आणायचा, हे तुम्हीच शिकवलंत."

"न बघता?" त्यांचा हात थांबला. "न बघता कोण म्हणालं?"

"तुम्ही. रोज म्हणायचात, आधी शून्यावर आण."

"अगं वेडे, काटा किती चुकीचा होता ते नको का कळायला? त्याच्यासाठीच तर लोक पैसे द्यायचे. आधी बघायचं, मग वहीत लिहायचं, मग शून्य. तो दोन ग्रॅम खात होता की चार, हे पुसलं तर सापडणार कसं?" त्यांनी पेटीच्या तळातून एक जुनी लांबट वही काढून दिली. प्रत्येक पानावर दुकान, तारीख, आणि पहिल्या रकान्यात 'आल्यावर दाखवत होता'. त्यानंतर 'शून्य केले'. पानामागून पान, एकही रकाना रिकामा नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू पाच वर्षांची होतीस. लिहिता कुठे येत होतं तुला? बघण्याचं आणि लिहिण्याचं काम मी करायचो, आणि शून्यावर आणायला तुला द्यायचो. तुला तो शून्याचा स्क्रू फिरवायला फार आवडायचं." ते पुन्हा पेटी पुसायला लागले. "पुढचं पुढे शिकवू म्हटलं. मग तू शाळेत गेलीस."

आईने आतून हाक मारली, जेवायला चला, पाच मिनिटांत वाढते.

मी घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून ठेवली. मग बाबांच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे काही ओळी रिकाम्या होत्या. पहिल्या रकान्यात लिहिलं: आल्यावर दाखवत होता, सत्तावन्न.

दुसऱ्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.